अमेरिकन फुटबॉलवाले आधीपासूनच एवढे अगडबंब होते का?

नवखा_विस्कॉन्सिन
इथे येऊन दोन वर्षं झाली. पॅकर्स या इथल्या संघाची मॅच असली की रस्ते ओस पडतात, म्हणून मीही बघायला लागलो. परवा शेजारच्या आजोबांनी पहिला सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचा अंतिम सामना (जानेवारी 1967), जिंकलेल्या पॅकर्सचा फोटो दाखवला. त्यातला टॅकल (समोरच्यांना अडवणाऱ्या लाइनच्या कडेचा गडी) फॉरेस्ट ग्रेग 6 फूट 4 इंच, 249 पौंड, म्हणजे 113 किलो. आज फिलाडेल्फियाच्या ईगल्सकडून त्याच जागी खेळणारा जॉर्डन मायलाटा 6 फूट 8 इंच, 365 पौंड. म्हणजे 166 किलो! दोन पिढ्यांत माणसाची जातच बदलली, की ही सगळी औषधांची करामत?

नेपरविलकर
जात तीच आहे रे, काम बदललं.

पूर्वी तोच गडी आक्रमणातही खेळायचा आणि बचावातही. 140 किलोचा माणूस अशा खेळात अर्ध्या तासात धापा टाकेल. 1950 मध्ये एनएफएल या इथल्या व्यावसायिक लीगने बदली खेळाडूंवरची बंधनं कायमची काढली. मग एकाच कामापुरता माणूस पोसणं परवडायला लागलं.

तरी तुझ्या आजोबांचे पॅकर्स सडसडीतच राहिले, कारण त्यांचा हुकमी डाव होता स्वीप. जेरी क्रेमरसारख्या गार्डने (टॅकलच्या आतल्या बाजूचा गडी) जागा सोडून बाजूला धावायचं आणि चेंडूवाल्यासाठी वाट मोकळी करायची. क्रेमर 245 पौंडांचा होता. आणखी जाड असता तर चेंडूवालाच त्याच्या पुढे निघून गेला असता.

खरी कलाटणी 1978 ची. तोवर पासच्या (चेंडू पुढे फेकण्याच्या) वेळी लाइनमनला (टॅकल, गार्ड वगैरेंना) हात छातीशी आखडून अडवावं लागे. त्या वर्षी हात लांब करून उघड्या पंजांनी थोपवायची मुभा मिळाली. मग लांब हातांचा आणि जागचा न हलणारा डोंगर सोन्याच्या भावाने विकला जाऊ लागला.

मी 1984 ला शिकागोत आलो. पुढच्याच वर्षी तिथल्या बेअर्स संघाने विल्यम पेरीला घेतलं. तीनशे पौंडांच्या वरचा, टोपणनाव 'रेफ्रिजरेटर'. जानेवारी 86 च्या सुपर बोलमध्ये त्याच्या हातात चेंडू देऊन टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) करवला आणि आमच्या ऑफिसात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. तेव्हा तो नवलाचा प्राणी होता. आज त्या वजनाचा लाइनमन दिसला तर कोणी मान वळवून बघतही नाही.

औषधं? होती, नाही कशाला म्हणू. पण 1990 पासून वर्षभर कधीही चाचणी व्हायला लागली, तरी वजनं वाढतच गेली. शिवाय सगळेच फुगलेले नाहीत. बेअर्सचा जुना लाइनबॅकर (बचावात लाइनच्या मागे उभा राहणारा) डिक बटकस 245 पौंडांचा होता. आजचे कितीतरी लाइनबॅकर त्याच्यापेक्षा हलके आहेत, कारण आता त्यांना पासमागे पळावं लागतं. आणि 2023 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिला निवडला गेलेला क्वार्टरबॅक (पास फेकणारा) ब्राइस यंग जेमतेम 5 फूट 10 इंच.

आपल्या कबड्डीत वजनाला मर्यादा असते. इथे काटा कुठे थांबवायचा, हे कोणी ठरवलेलंच नाही.

ओहायोची_आई
काका, हे सगळं पटलं, पण घरात काय चालतं तेही ऐका. मुलगा शाळेच्या संघात लाइनवर खेळतो. कोच म्हणाले, उन्हाळ्यात 20 पौंड वाढव. तेव्हापासून दिवसातून सहा वेळा जेवण आणि रात्री झोपताना पीनट बटर. पोळ्या लाटून माझे हात गेले. आमच्या ब्राउन्स संघाचा लाइनमन जो थॉमस 2018 मध्ये निवृत्त झाला आणि त्याने 50 पौंडांच्या आसपास वजन उतरवलं. म्हणजे ते त्याचं स्वतःचं अंग नव्हतंच, नोकरीचं होतं. मिनेसोटाचा लाइनमन कोरी स्ट्रिंगर 335 पौंडांचा. 2001 मध्ये सरावात उष्माघात झाला आणि त्यातच गेला. ऑगस्टमध्ये पोरगा मैदानावर असतो तेव्हा मला तोच आठवतो.

नेपरविलकर
ताई, ऑगस्टच्या सरावात पाणी आणि सावलीची सोय काय आहे, ते कोचना तोंडावर विचारा. संकोच करू नका.

नवखा_विस्कॉन्सिन
आजोबांना हे वाचून दाखवलं. म्हणाले, "तुमच्या त्या मायलाटाला स्वीपमध्ये पळवून दाखवा म्हणावं."

नेपरविलकर
पळतो म्हणावं! ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळून आलाय तो. ईगल्सनी 2018 मध्ये ड्राफ्टच्या सातव्या फेरीत उचलला, तोवर अमेरिकन फुटबॉलचा एक सामना खेळला नव्हता.