पैसा, हुद्दा आणि दवाखाना: तुमचे अनुभव लिहा

मृण्मयी_क
काल औषधाच्या दुकानात पुढचे काका म्हणाले, "सध्या पाचच गोळ्या द्या, स्ट्रिप कापून." दुकानदाराने काही न विचारता कात्री उचलली, म्हणजे नेहमीचंच. एकदम बाबा आठवले. बीपीची गोळी ते अंगठ्याच्या नखाने मोडायचे आणि उरलेली अर्धी परत पाकिटात खोचायचे. बीपी काही दुखत नाही, मग काटकसर करायची तर पहिली तिथेच. पॅरालिसिस झाला तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांसमोर झापलं, "तुम्ही लोक औषधं नीट घेतच नाही." हे 'तुम्ही लोक' मला अजून टोचतं. तुमच्या घरी काय झालं ते लिहा.

सायली
वाचून गलबललं गं. सासूबाई लोकांकडे धुणीभांडी करायच्या, छातीत गाठ लागलेली माहीत होती पण ओपीडी सकाळची आणि कामंही सकाळचीच, खाडा केला की पैसे कापणार, शिवाय दुखतही नव्हती. दवाखान्यात गेल्या तोवर काखेत पसरलं होतं. आमच्या मॅडमना तेच निघालं पण कंपनीच्या चेकअपमधे, अगदी सुरुवातीला. त्या आज कामावर आहेत.

पक्या
खाडा!! डॉक्टर फुकट असला तरी तो दिवस फुकट नसतो

डॉ_निलेश
ज्युलियन ट्यूडर हार्ट म्हणून वेल्समधे खाणकामगारांचे डॉक्टर होते, त्यांनी १९७१ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हेच मांडलं, ज्यांना उपचारांची गरज जास्त त्यांनाच ते कमी मिळतात, आणि आरोग्यसेवा बाजारावर सोडली की हे अजून वाढतं. १९६७ मधे लंडनच्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास सुरू झाला. सगळे ऑफिसात काम करणारे, उपचार सगळ्यांना मोफत, तरी हुद्दा जितका खालचा तितके हार्टने मृत्यू जास्त. सिगरेट, बीपी, कोलेस्टेरॉल सगळं धरूनही पूर्ण फरक भरून निघाला नाही.

रात्रपाळी
हुद्द्याचं पटलं. भाऊ वॉचमन आहे. शुगर निघाली तर सल्ला काय, वेळेवर जेवा, वेळेवर झोपा, टेन्शन घेऊ नका. कुठल्या वेळेवर?

अनुजा
तीच आई, तेच हॉस्पिटल. एकटी गेली तर दोन मिनिटांत चिठ्ठी हातात. पुढच्या वेळी मी ऑफिसमधून थेट गेले, गळ्यात आयकार्ड, इंग्रजीत विचारलं तर खुर्ची दिली, एक्सरे लावून सगळं समजावलं. मला चांगली वागणूक मिळाली आणि रागच आला. त्या चिठ्ठीवाल्या दिवशी तिला काय काय विचारायचं होतं ते तिने मला नंतर सांगितलं.

सायली
@मृण्मयी बाबा कसे आहेत आता?

मृण्मयी_क
चालतात काठी घेऊन. बोलणं बरंच सुधारलंय. गोळी पूर्ण घेतात, मी समोर उभी असते :)

डॉ_निलेश
जेनेरिक विचारा, औषध तेच असतं. आणि सगळ्याच गोळ्या मोडायच्या नसतात, काही हळूहळू विरघळायला बनवलेल्या असतात, त्या मोडल्या की सगळं औषध एकदम अंगात जातं.

पक्या
स्ट्रिप कापून घेतली तर एक्स्पायरीचा फोटो काढून ठेवा, तो भाग बऱ्याचदा दुकानातच राहतो

केतकी
दातांवर कोणीच लिहिलं नाही? रूट कॅनाल परवडत नाही म्हणून दात काढूनच टाकतात, नंतर तोंड दाबून हसायचं, इंटरव्ह्यूलासुद्धा. बहिणीचं लिहायचंय, मोठं आहे, मुलाला शाळेतून आणते मग लिहिते.