हाताने जोडलेला अँप म्हणजे काय सोन्याचा धूर काढतो?

पर्वरीकर (धागाकर्ता)

‘गरम नळी’ यांनी परवा लिहिलं : "साळगावात मित्राकडे हँडवायर्ड ट्यूब अँप वाजवला. यापुढे पीसीबीवाला अँप म्हणजे प्लास्टिकच्या ताटात वाढलेलं हुमण." (नवख्यांसाठी : अँप म्हणजे गिटारचा अँप्लिफायर, ट्यूब म्हणजे त्यातली काचेची नळी, हँडवायर्ड म्हणजे आत हाताने वायरी जोडलेला, पीसीबी म्हणजे वायरीऐवजी तांब्याच्या पट्ट्या छापलेली पाटी, आणि हुमण म्हणजे आमच्या गोव्याकडची माशांची आमटी.) खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्पच बसणार होतो. पण तोच अँप, त्याच घराच्या बाल्कांवात (ओसरीवर) बसून मीही वाजवलाय, त्यामुळे राहवत नाही.

आधी कबुली. वस्तू देखणी आहे. मालकाने मागची फळी काढून टॉर्च मारला, तर आत सुती वेष्टनाच्या वायरी, प्रत्येक वळण काटकोनात, हळदीच्या रंगाचे कपॅसिटर ओळीने बसलेले. जुन्या तलाठ्याच्या वळणदार अक्षरासारखं काम. आवाजही गोड. टेलिकास्टर गिटार लावून व्हॉल्यूम सहावर नेला की सूर किंचित फाटतो, बोट हलकं केलं की पुन्हा स्वच्छ. आणि एक गंमत : ज्या चॅनेलला गिटार जोडलेलीच नाही, त्याचा व्हॉल्यूम फिरवला तरी आवाज बदलतो! त्या खोडीवर मी अर्धा तास घालवला.

पण ती खोडी वायरिंग करणाऱ्याच्या हाताची नव्हे, सर्किटची आहे. तो अँप म्हणजे १९५५ ते १९६० मधल्या फेंडर कंपनीच्या डिलक्स अँपची, त्याच्या ५ई३ सर्किटची नक्कल. दोन ६व्ही६ ट्यूब आणि दोन्ही व्हॉल्यूम एकमेकांच्या पायात पाय घालणारे. हेच सर्किट पीसीबीवर नीट उतरवलं तर तिथेही हीच खोडी निघेल. विजेला काय कळतंय, आपण तांब्याच्या तारेतून चाललोय की तांब्याच्या पट्टीतून?

‘हँडमेड’चं एवढं कौतुक, तर हेही ऐका. मूळचे ते अँप कुणा ऋषीने गुहेत बसून बनवले नव्हते. कारखान्यात ओळीने बसून बायका वायरिंग करायच्या. कित्येक जुन्या अँपच्या आत मास्किंग टेपच्या तुकड्यावर त्यांची पहिली नावं आजही सापडतात. तेव्हा तीच स्वस्त पद्धत होती. मार्शल या दुसऱ्या अँपवाल्यांना १९७३-७४ च्या सुमारास पीसीबी परवडायला लागला, ते तिकडे गेले. आता त्याच सोल्डरिंगचे सव्वादोन लाख मोजायचे आणि वर इतरांचं हुमण काढायचं, हे जरा अति होतं.

गरम नळी

पर्वरीकर, तुम्ही अर्धा तास एक बटण फिरवत बसलात. मी अख्खी दुपार वाजवला. फरक आहे.

कागदावरचं सर्किट मला सांगू नका. वायर कुठून कशी नेली यावर गुणगुण, शिट्टी, सगळं अवलंबून असतं हे तुम्हालाही माहीत आहे, सोयीस्कर विसरलात. आणि माझा पीसीबीवाला अँप एका लग्नात, वधूवर स्टेजवर चढत असताना, फट्ट करून गेला. जळका वास थेट केकपर्यंत. नवऱ्या मुलीचा बाप अजून मला बाजारात बघून रस्ता बदलतो. मी प्लास्टिकचं ताट म्हटलं ते अनुभवाने म्हटलं.

सहा तारा

नळीबाब, लग्नात जळला म्हणून आवाज वाईट? माझी स्कूटर मांडवी पुलावर बंद पडली होती, म्हणून काय तिचा हॉर्न बेसूर ठरतो?

मी एक उद्योग केला होता. प्रॅक्टिसच्या खोलीत एक हँडवायर्ड अँप आणि माझा जुना पीसीबीवाला, दोन्ही ट्यूबचेच, आळीपाळीने एकाच बाहेरच्या स्पीकरला जोडले, आठ ओहमला आठ ओहम बघून. (ट्यूब अँप स्पीकर न जोडता चालू करू नका, ट्रान्सफॉर्मर जातो. मी एकदा घालवलाय.) मोबाइलवर डेसिबल बघून आवाज सारखा केला. स्पीकर एकच झाल्यावर निम्मा फरक तिथेच विरला. उरलेल्यासाठी ड्रमरला पाठ करून बसवलं. पाचपैकी तीनदा त्याने माझ्या जुन्यालाच ‘महागडा’ म्हटलं. ड्रमरच्या कानाची किंमत काय, तो वेगळा मुद्दा.

आवाज सारखा करणं महत्त्वाचं. जरासा मोठा आवाज कानाला नेहमीच भरदार वाटतो, बास तर हमखास. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच कानाची ही लबाडी मोजून ठेवलीय.

डागवाला

फोंड्याला दुरुस्तीचं टेबल आहे माझं, तिथलं सांगतो. दोघेही भलत्याच ठिकाणी खाजवताय.

पीसीबी वाईट नसतो, त्यावर थेट सॉकेट बसवून त्यात तापणारी ट्यूब खोचणं वाईट. तापतं, निवतं, तापतं, निवतं, मग सॉकेटच्या पायाभोवती केसाएवढी गोल चीर पडते. अँप थोपटला की चालू, पेडलवर पाय आपटला की बंद. तिथला डाग (सोल्डर) चारदा काढला-लावला की तांब्याची पट्टीच उचकटून हातात येते. हाताने जोडलेल्यात सॉकेट पत्र्याच्या चॅसीवर असतं. एक भाग गेला, तेवढाच बदलला, पंधरा मिनिटांत गिऱ्हाईक घरी. आवाजाचं तुमचं तुम्ही बघा, पैसे असतील तर दुरुस्तीसाठी हँडवायर्ड घ्या.

पण नळीबाब, उड्या मारू नका. पन्नासच्या दशकाची हुबेहूब नक्कल करायची म्हणून कुणी आत मेणवलेल्या फायबरची काळी पट्टी घातली असेल, तर ती आपल्या आषाढात पाणी पिते. मग जिथे वीज जायला नको तिथून झिरपते आणि तळणीसारखी चुरचुर येते. असा एक आला होता माझ्याकडे, बाहेरच्या ट्वीड कापडावर काळी बुरशी, स्पीकरच्या कागदाला पापडाची कळा. मालक म्हणे, "विंटेज कॅरेक्टर आहे." मी म्हटलं, कॅरेक्टर नाही, ओल आहे. ग्लास इपॉक्सीची पट्टी मागा आणि पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा अँप तासभर चालू ठेवा.

आणि घरचं व्होल्टेज मोजा. माझ्याकडे रात्री अकरानंतर २५० दिसतं. २३० धरून बांधलेल्या अँपमधल्या ट्यूबच्या तापणाऱ्या तारेला, फिलामेंटला, मग ६.३ ऐवजी ६.८ मिळतात. ट्यूब लवकर मरते आणि शिव्या ट्यूब बनवणाऱ्याला. एकेकाळी बंगळुरूला बीईएल (भारत इलेक्ट्रॉनिक्स) ईसीसी८३ ही ट्यूब बनवायची, जुना डबा हाताशी होता, चिंता नव्हती. आता स्लोव्हाकिया, रशिया नाहीतर चीन.

पर्वरीकर

डागवाले, दुरुस्तीचा मुद्दा मान्य. मनापासून नाही, पण मान्य.

पेडण्याचा पावणा

हे सगळं वाजवणार कुठे आणि कधी? रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, २००० सालचा नियम. आमच्या गावात दशावतार ऐन रंगात आला की कोणीतरी घड्याळ दाखवतो. किनाऱ्यावर मात्र पहाटे चारपर्यंत धडधड चालते, तिथे घड्याळं नसतात बहुतेक. तुमचा १५ वॅटचा असो की ३० चा.

सहा तारा

पावण्या, १५ चे ३० वॅट केले तरी फरक तीन डेसिबलचाच. बाकी दुःखात सहभागी आहे.

माटोळी

मला अँपमधलं ओ की ठो कळत नाही, पण भांडण ओळखीचं वाटलं. आमच्याकडे घुमटाचं, म्हणजे तोंडावर कातडं चढवलेल्या मातीच्या वाद्याचं, हेच चालतं. दर चवथीला (गणेश चतुर्थीला) आरतीआधी एक काका सुस्कारा सोडतात, "घोरपडीच्या कातड्याचा तो नाद गेला, आता बकऱ्याचं म्हणजे नुसतं मडकं." दोन वर्षांमागे माळ्यावरून आजोबांचं घुमट काढलं. काकांनी थाप मारली, डोळे मिटले. "हा! हा खरा नाद!" मागून आजी म्हणाली, "अरे, त्याचं कातडं उंदरांनी खाल्लं होतं, मीच बकऱ्याचं चढवून घेतलंय." त्या दिवशी काकांनी पातोळ्यासुद्धा घेतल्या नाहीत.

शामेळ

ताई, काकांची थट्टा सोपी आहे. मी चाळीस वर्षं घुमट वाजवतोय. जुनं कातडं पातळ आणि चिवट असायचं, डाव्या हाताने मागचं तोंड जरा झाकलं की सूर गोल व्हायचा. आता पावसात कातडं सैल पडतं, दोन आरत्या झाल्या की चुलीपाशी शेकायला पळा. एका काकाला फसवलंत म्हणून फरकच नाही, हे कुठलं शास्त्र?

गरम नळी

बघा! कान असलेला माणूस आला शेवटी. साहित्याने आवाज बदलतो. पर्वरीकर, द्या उत्तर.

पर्वरीकर

दिलं. घुमटाचं कातडं स्वतः थरथरतं, म्हणून त्याने फरक पडणारच. अँपमध्ये ते काम स्पीकरच्या कागदाचं. वायर थरथरत नाही. घुमट कोणत्या दोरीने बांधलंय यावरून नाद ठरतो का? तेवढं सांगा.

शामेळ

घुमटाला स्पीकर म्हणू नका. आणि हो, दोरीने ताण बदलतो, ताणाने नाद. वाजवून बघा मग लिहा.

फोंडेकरीण

शामेळ, नादाच्या आठवणी काढताना हेही लिहा की घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली पहिल्या अनुसूचीत आहे. बकऱ्याचं कातडं आलं म्हणून घुमट आज उजळ माथ्याने वाजतं, २०१९ मध्ये राज्याचं वारसा वाद्य म्हणून मिरवतंही. ‘तो नाद गेला’ म्हणत राहिलात तर कोणीतरी पोरगं रानात जाऊन घोरपड मारायचं.

शामेळ

मी मारा म्हटलं? कुठे म्हटलं, दाखवा! पंचवीस वर्षं बकऱ्याचंच वाजवतोय, माझ्या पोरांनाही त्याच्यावरच शिकवलं. आठवण काढायलाही आता परवाना लागतो का? गिटारवाल्यांच्या धाग्यावर येऊन कायदा ऐकायची वेळ आली. मी चाललो.

माटोळी

अहो शामेळकाका, रागावू नका. घरी आमच्या काकांचीच बाजू मी घेतली होती. आजीला म्हटलं, जेवण झाल्यावर सांगितलं असतंस तरी चाललं असतं.

डागवाला

दोरीचं त्यांचं बरोबर आहे. ताण बदलला की नाद बदलतो, याला कसलंही प्रेम लागत नाही. अँपमध्येही वायरची जागा बदलली की गुणगुण बदलते. पर्वरीकर, ते वाक्य तुम्ही जरा घाईत टाकलंत.

पर्वरीकर

बरं बाबा, गुणगुण बदलते. शिट्टीही येते. नळीबाबनी पहिल्याच प्रतिसादात लिहिलं होतं आणि मी वाचून पुढे गेलो. आता पेढे वाटू का?

पण गुणगुण वेगळी आणि ‘हुमण’ वेगळं. नीट वायरिंगचा आणि नीट पीसीबीचा, दोन्ही गप्प असतील तर कोणता कुठला हे न बघता सांगून दाखवा. चवथ संपली की माझ्या घरी या. स्पीकर एक, गिटार एक, मध्ये बेडशीट. साळगावच्या मालकाला मी विचारतो, अँप देईल. डागवाले जोडणी करतील, म्हणजे माझ्यावर शंका नको. सहा तारा, ड्रमरला आणू नका.

गरम नळी

येतो. दहापैकी आठ ओळखले तर तुमचा तो पीसीबीवाला डबा विकायचा आणि इथे लिहायचं, "मी प्लास्टिकच्या ताटात जेवत होतो." शब्दशः.

पर्वरीकर

आणि सहाच ओळखलेत तर?

गरम नळी

तर व्होल्टेज खराब होतं.

डागवाला

मीटर घेऊन येतो. स्टॅबिलायझरही.

शामेळ

तारीख कळवा. दोन घुमटं आणतो, एकावर जुन्या बांधणीची दोरी, एकावर नवी. दोन्ही बकऱ्याचीच, फोंडेकरणीला सांगा. तीही बेडशीटमागे ठेवा. बघूया कोण ओळखतं.

पर्वरीकर

घुमट नको, धागा अँपचा आहे.

माटोळी

घुमट हवंच. काकांना घेऊन येते.