मदत हवी आहे : अपघातानंतर भाच्याचं बोलणं थांबलंय (सोलापूर)

नमस्कार. माझा भाचा साडेचार वर्षांचा आहे. दिवाळीत अक्कलकोट रोडवर बाबांच्या गाडीवर पुढे उभा असताना अपघात झाला. त्याला नुसतं खरचटलं, पण बाबांचं रक्त त्यानं पाहिलं. तेव्हापासून बाहेर एक शब्द नाही. घरी फक्त आजीशी तेलुगूत कुजबुजतो, तेही पांघरुणाच्या आत.

कान तपासले, ऐकू नीट येतं. एके ठिकाणी स्पीच थेरपी लावली. तिथे आईला बाहेर बसवून "म्हण, मग चॉकलेट" असं चालायचं. रस्त्यावर हॉर्न वाजला की लेकरू टेबलाखाली. तीन दिवसांत बंद केलं. हा हट्ट नाही हो, घाबरलंय ते. आधी सुरक्षित वाटू दे, शब्द मागून येतील.

सोलापुरात आरसीआय (स्पीच थेरपिस्टची नोंदणी करणारी भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेलं, आईला सोबत घेऊन खेळातून शिकवणारं, बालमानसतज्ज्ञाशी बोलून काम करणारं कुणी माहीत आहे का? तेलुगू येत असेल तर देवच पावला. आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) या सरकारी योजनेत 18 वर्षांपर्यंत मोफत उपचार आहेत, त्यातून वाचा-उपचार कुणी घेतलेत का? मुंबईला वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेत कुणी गेलं असेल तर किती फेऱ्या पडल्या तेही सांगा. बहिणीची सुट्टी त्यावरच ठरेल.