प्रतिसाद: साधेपणाच्या पलीकडचे गणपतराव

शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) आमदार गणपतराव देशमुख सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्यातून इतक्या वेळा निवडून आले ते एसटीने प्रवास करण्याच्या साधेपणामुळे, असे त्यांचे कौतुक करणाऱ्या एका लिखाणात म्हटले आहे; हा त्यालाच प्रतिसाद. तो साधेपणा खराच होता; पण केवळ त्यावर अकरा वेळा मते मिळत नाहीत, आणि या कौतुकात त्यांचे राजकारणच झाकले जाते असे मला वाटते.

१९६२ साली ते पहिल्यांदा आमदार झाले. १९७२ मध्ये पराभूत झाले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले आणि १९९५ मध्ये पुन्हा पडले, तेही दोनशेहून कमी मतांनी. म्हणजे हा मतदारसंघ त्यांना आंदण मिळालेला नव्हता. शेतकरी कामगार पक्षाची राज्यातली ताकद ओसरत गेली तरी त्यांनी लाल झेंडा सोडला नाही. शरद पवारांच्या १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीच्या मंत्रिमंडळाचा आणि पुढे १९९९ च्या मंत्रिपदाचा काळ वगळला, तर त्यांची बहुतेक कारकीर्द विरोधी बाकांवरच गेली.

सत्ता नसताना दुष्काळी तालुक्याला पाणी मिळवायचे कसे, हा खरा प्रश्न होता. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासोबत सांगली जिल्ह्यातील आटपाडीच्या पाणी परिषदांतून त्यांनी दुष्काळी तालुक्यांची एकत्र मागणी उभी केली आणि कृष्णेच्या पाण्याचा विषय वर्षानुवर्षे लावून धरला. सहकारी सूतगिरणीतून त्यांनी गावातच रोजगार उभा केला, हेही सांगितले पाहिजे, कारण सहकार बुडवणाऱ्यांच्या गोष्टी आपण जास्त चवीने ऐकतो. २०१९ मध्ये ते स्वतः उभे राहिले नाहीत, आणि शेकापच्या हातून ही जागा थोडक्यात गेली.