आयात केलेल्या गाडीसाठी भरवशाचा मेकॅनिक कसा पारखावा?

रत्नागिरीहून प्रश्न:
माझ्याकडे मेक्सिकोहून आयात झालेली फोक्सवॅगन बीटल आहे, इंजिन १.४ टीएसआय (टर्बो पेट्रोल) आणि गिअरबॉक्स सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा स्वयंचलित. घाटात मालट्रकमागे रखडले की पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी थरथरते. वॉरंटी संपली आहे, आणि येथील एका गॅरेजने गाडी न पाहताच संपूर्ण गिअरबॉक्स बदलावा लागेल असे सांगितले. जवळपास कोणी शोधावे, की कोल्हापूर गाठावे? मुख्य म्हणजे, गाडी खोलण्याआधी माणूस जाणकार आहे हे कसे ओळखावे?

कुडाळहून उत्तर:
न पाहता गिअरबॉक्स बदलायला सांगणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये. आपला डीएसजी कोरड्या, म्हणजे तेलात न बुडालेल्या क्लचचा आहे; चढावर गाडी रांगत राहिली की क्लच घसरतो, तापतो आणि अशी थरथर सुरू होऊ शकते. जाणकार मेकॅनिक आधी स्कॅनर लावून गाडीने नोंदलेले बिघाडाचे कोड वाचतो, शेजारी बसून एक फेरी मारतो, आणि मगच दोष क्लचचा की मेकॅट्रॉनिकचा (क्लच व गिअर चालवणाऱ्या नियंत्रण युनिटचा), याविषयी बोलतो. साधा ओबीडी स्कॅनर (कोणत्याही गाडीला लागणारे कोड वाचायचे यंत्र) येथे पुरत नाही, म्हणून फोक्सवॅगनचा गिअरबॉक्स वाचणारे यंत्र आहे का, हे फोनवरच विचारावे. क्लच बदलल्यावर बेसिक सेटिंगही, म्हणजे नवा क्लच गिअरबॉक्सशी जुळवून देणेही, त्या यंत्रावरच होते आणि ती न केल्यास नवा क्लचसुद्धा धक्के देतो. सुटा भाग मागवण्यापूर्वी तो १७ अक्षरी चॅसिस क्रमांक मागतो का, हेही पाहावे. ‘पोलोचा बसून जाईल’ म्हणणाऱ्याला दुरूनच नमस्कार करावा.

चिपळूणहून उत्तर:
गिअरबॉक्ससाठी कोल्हापूर ठीक, परंतु ऑइल, फिल्टर आणि ब्रेक पॅड यांसाठी आंबा घाट चढण्याची गरज नाही. ऑइल मात्र नुसती ग्रेड पाहून न घेता, गाडीच्या पुस्तिकेत दिलेला कंपनीचा मान्यता क्रमांक डब्यावर आहे ना, हे पाहून सील समोर फोडून घ्यावे. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ या दर्जाचे फ्लुइड नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते, आणि घाट उतरताना हा फरक पायाला कळतो. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे.

आपल्या खाऱ्या हवेत माझी स्वतःची कसोटी वेगळीच आहे. पावसाळा सरल्यावर गाडी लिफ्टवर घेऊन जो टॉर्च लावून ब्रेकचे पाइप आणि दारांखालचा पत्रा तपासतो, तो माणूस कामाचा. गंज न खरवडता वरून काळा कोट मारून देणारे बरेच भेटतात. त्या कोटाखाली ओल अडकते आणि पत्रा आतून खाल्ला जातो.

रत्नागिरीहून:
दोघांचेही आभार. कोल्हापूरला दाखवेपर्यंत गाडी घाटात नेण्यास हरकत आहे का?

कुडाळहून:
कोल्हापूरला जायलाही घाट आहेच, त्यामुळे पहाटे रहदारी कमी असताना निघावे. ट्रकमागे इंचाइंचाने सरकू नये. ब्रेक पूर्ण दाबून थांबावे आणि पुरेशी जागा झाल्यावरच पुढे जावे. डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली, तर गाडी बाजूला घेऊन निवू द्यावी.