मदत हवी आहे: माझ्या कॉमिकमधल्या नायिकेने स्कार्फ कोणासमोर सोडावा?

नमस्कार मंडळी,

मी एक मराठी कॉमिक काढते आहे. नायिका जुई, नारायण पेठेत आजीबरोबर राहणारी कॉलेजातली मुलगी. तिचा मुखवटा म्हणजे स्कूटीवर बांधतात तो स्कार्फ. पुण्यात डोळे सोडून सगळा चेहरा गुंडाळलेल्या मुलीकडे कोणी वळून बघत नाही, त्यामुळे ती भर दुपारी लक्ष्मी रोडवरूनही जाऊ शकते. इथवर छान जमलं. ओळख उघड होण्याच्या प्रसंगावर मात्र घोडं अडलंय.

आधी ठरवलं होतं ते असं: खडकवासल्यातून पाणी सोडलंय, भिडे पूल बुडालाय, जुई अडकलेल्यांना बाहेर काढते आहे. भिजलेल्या स्कार्फमधून श्वास घेता येईना म्हणून ती तो सोडते. काठावर गर्दी, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. पान जबरदस्त होईल, पण पुढे काय?

स्पायडरमॅनने, म्हणजे पीटर पार्करने, २००६ साली 'सिव्हिल वॉर' या कॉमिकमध्ये पत्रकार परिषदेत मुखवटा उतरवला, त्यानंतर त्याच्यावर झाडलेली गोळी त्याला वाढवणाऱ्या काकूला, आंट मेला लागली. शेवटी मेफिस्टो या सैतानाशी सौदा करून पीटरचं लग्न आणि जगाला ठाऊक झालेली त्याची ओळख, दोन्ही पुसून टाकावं लागलं. मला असं काही पुसायचं नाहीये. डेअरडेव्हिल या दुसऱ्या मुखवटाधारी नायकाचं खरं नाव तर २००२ मध्ये एका वर्तमानपत्रानेच छापलं. वकील असलेला मॅट मर्डॉक ते नाकारत राहिला, उलट त्याने त्या वर्तमानपत्रावर दावा ठोकला. हा मार्ग मला जास्त खरा वाटतो, पण जुईच्या स्वभावात बसत नाही.

माझ्या मनात घर करून आहे तो २००२ चाच स्पायडरमॅनचा एक अंक. आंट मेने जखमी होऊन झोपलेल्या पीटरला आणि त्याच्या फाटलेल्या पोशाखाला पाहिलेलं असतं. नंतरचा जवळजवळ अख्खा अंक दोघांच्या बोलण्यात जातो. पीटर सांगतो, बेनकाकाला, म्हणजे मेच्या नवऱ्याला, मारणारा तो चोर आधी मीच जाऊ दिला होता. ती सांगते, त्या रात्री आमचं भांडण झालं म्हणून बेन बाहेर पडला. इतकी वर्षं दोघंही त्या मृत्यूचा दोष स्वतःकडे घेऊन एकमेकांपासून लपवत होते. मारामारी नाही, तरी अंक खाली ठेववत नाही. त्यामुळे आता जुईने आजीलाच सांगावं असं वाटतंय.

पण आजी रोज तोच स्कार्फ धुऊन दोरीवर वाळत घालते. चिखल, रक्ताचे डाग तिला दिसलेच असणार. तिला काहीच कळलं नाही असं दाखवलं तर ती भोळसट ठरेल, आणि ते मला मुळीच नको. तिला सगळं आधीपासून माहीत असेल, तर जुईच्या कबुलीत उरतं काय? तुम्ही लिहिलंत तर हा प्रसंग कसा लिहाल? ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक होतं आणि तरी प्रसंग रंगला, असं कॉमिक आठवत असेल तर नक्की सांगा.

आणखी एक. वेताळाचा (फँटम या मुखवटाधारी नायकाचा) उघडा चेहरा वाचकाला दाखवत नाहीत, पण त्याची बायको डायना तर तो बघते. असे प्रसंग त्याच्या गोष्टी छापणाऱ्या जुन्या मराठी इंद्रजाल कॉमिक्समध्ये कसे चितारलेत ते मला पाहायचंय: पाठमोरा, सावलीत, की चष्म्याआड? जुन्या बाजारात आणि अप्पा बळवंत चौकात शोधले, अंक मिळाले नाहीत. पुण्यात कोणाकडे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. घरी येऊन, तुमच्यासमोर बसून बघेन, अंक बाहेर नेणार नाही.