स्पेनची सहल : मेरिदाचा मुक्काम ठेवायचा की माद्रिदवरून जायचे?

प्रेषक : प्राजक्ता

सर्वांना सप्रेम नमस्कार,

मेरिदाच्या घरांचे आरक्षण शुक्रवारी रात्रीपर्यंतच पैसे न कापता रद्द करता येणार आहे, म्हणून शनिवारच्या बैठकीत अर्धवट राहिलेला प्रश्न आता इथेच सोडवावा लागेल. सेव्हियाला शनिवारी उतरायचे, रविवारी सकाळी ए-६६ या रस्त्याने उत्तरेकडे निघायचे, पहिला मुक्काम मेरिदा, दुसरा सालामांका, तिसरा लेओन, मग ओव्हिएदोला दोन रात्री आणि शेवटी सांतांदेरला गाड्या परत करून विमान, असे मंडळाच्या सहल समितीने जानेवारीतच ठरवले होते. हिशेब पाहणाऱ्या अनिरुद्धने ऐनवेळी माद्रिदचा पर्याय पुढे केला आणि मुलांना आणायला अर्धी मंडळी उठून गेल्यामुळे निर्णय झाला नाही.

अंतराने फारसा फरक पडत नाही. सेव्हिया ते सांतांदेर हे अंतर दोन्ही मार्गांनी हजार किलोमीटरच्या आसपास भरते. फरक रोजच्या पल्ल्याचा आहे. सेव्हिया ते मेरिदा सुमारे १९० किलोमीटर म्हणजे दोन तास, तर सेव्हिया ते माद्रिद सुमारे ५३० किलोमीटर. चौदा माणसे, त्यांत वयस्क आप्पा आणि माई, आणि चार लहान मुले. कृपया गुरुवारपर्यंत मत कळवावे.

प्राजक्ता


प्रेषक : अनिरुद्ध

प्राजक्ता आणि सर्व मंडळी,

मी ऐनवेळी काही पुढे केलेले नाही. फेब्रुवारीत हिशेब पाठवला तेव्हाच त्याखाली मी हा मुद्दा लिहिला होता. गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडण्याचा जादा आकार दोन्ही मार्गांना सारखाच आहे, तेव्हा माझा आग्रह पैशासाठी आहे असे कोणी समजू नये.

माझी खरी काळजी रविवारची आहे. मेरिदाला आपण रविवारी पोहोचणार आणि त्या भागात बहुतेक मोठी दुकाने रविवारी बंद असतात. माद्रिदमध्ये ती रविवारीही उघडी असतात. आप्पांना मधुमेह आहे, त्यांचे रात्रीचे जेवण साडेसातला व्हावे लागते, आणि स्पेनमध्ये हॉटेलांची स्वयंपाकघरे रात्री साडेआठ-नऊच्या आधी सहसा सुरू होत नाहीत. माद्रिदला ओळखीचे मराठी कुटुंब आहे, त्यांनी पहिल्या रात्री सगळ्यांना पिठले-भात करून वाढण्याचे आपणहून कबूल केले आहे. आप्पा आणि माई ठाण्याहून शेंगेन व्हिसा काढून येत आहेत ते आपल्या भरवशावर. त्यांच्या जेवणाची आबाळ होऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे. सकाळी सातला निघालो तर दुपारपर्यंत माद्रिद गाठता येते.

अनिरुद्ध


प्रेषक : मुकुंदकाका

चि. प्राजक्ता, चि. अनिरुद्ध आणि मंडळी, सप्रेम नमस्कार.

अनिरुद्धची काळजी रास्त आहे. परंतु माद्रिद हे इंग्लंडहून केव्हाही विमानाने दोन-अडीच तासांत गाठता येणारे शहर आहे आणि आपण निघालो आहोत तो देश दक्षिणेकडून उत्तरेकडे रस्त्याने पाहायला. ए-६६ हा महामार्ग ज्या जुन्या वाटेला धरून जातो तिला स्पॅनिश लोक ‘रूपेरी वाट’ म्हणतात. या नावाचा रुप्याशी संबंध नसून फरसबंद रस्त्यासाठी असलेल्या अरबी शब्दावरून ते आले असावे, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. रोमनांनी आखलेली वाट, तिच्यावर पुढे यात्रेकरूंची वाट, तिच्या कडेने जुना एन-६३० रस्ता आणि आता हा महामार्ग असे थर त्या एकाच पट्ट्यात पाहायला मिळतात.

मी आयुष्यभर पुलांचीच कामे केली, म्हणून पुलांविषयी दोन गोष्टी सांगतो. मेरिदाला ग्वादियाना नदीवर रोमन पूल आहे, लांबी सुमारे ८०० मीटर आणि कमानी ६०. त्याच्यावरून आता फक्त पायी जाता येते. गाड्यांसाठी शेजारी सान्तियागो कालात्राव्हा यांचा १९९१ सालचा पूल आहे. दोन्ही एकाच नजरेत दिसतात. गावाच्या दुसऱ्या टोकाला ‘चमत्कारांचा’ म्हणून ओळखला जाणारा जलसेतू आहे. त्याच्या खांबांत ग्रॅनाइटचे काही थर आणि मग तांबड्या विटांचे काही थर असे आलटून पालटून रचलेले आहेत, त्यामुळे उन्हे कलली की ते पट्टे स्पष्ट दिसतात. खांबांच्या डोक्यावर करकोच्यांनी काटक्यांची मोठाली घरटी बांधली आहेत. ते पक्षी ओरडत नाहीत, मान पाठीपर्यंत मागे टाकून चोच वाजवतात, आणि तो आवाज लाकडी टिपऱ्यांसारखा खाली गवतापर्यंत ऐकू येतो. आम्ही उभयता तिथे तासभर बसलो होतो. मुलांना हे दाखवायचे सोडून वळसा घालू नये.

दुसरा पूल लेओनच्या पुढे, ओव्हिएदोच्या वाटेवर, बार्रिओस दे लूना जलाशयावर आहे. मधला गाळा, म्हणजे दोन मनोऱ्यांमधले अंतर, ४४० मीटरचा. १९८३ साली तो वाहतुकीला खुला झाला तेव्हा मनोऱ्यांपासून तिरप्या केबलांनी तोललेल्या पुलांत जगात सर्वांत लांब गाळा त्याचा होता. त्याच टप्प्यावर पुढे डोंगरातून चार किलोमीटरहून लांब बोगदा आहे आणि तिथे टोल द्यावा लागतो. अनिरुद्धने तो हिशेबात धरावा.

आपला,
मुकुंदकाका


प्रेषक : स्मिता

मुकुंदकाका, करकोच्यांचे वाचून फार बरे वाटले. पण प्रश्न आप्पांच्या जेवणाचा होता, म्हणून त्याविषयी लिहिते.

अनिरुद्धभाऊंनी रविवारचे सांगितले ते बरोबर आहे, पण त्यासाठी रस्ता बदलण्याची गरज नाही. आपण शनिवारी दुपारी सेव्हियाला उतरतो आणि शनिवारी तिथली दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. तांदूळ, दही, भाज्या आणि दूध तिथूनच घेऊ. डाळ, फोडणीचे साहित्य आणि छोटा कुकर मी घरून आणते. मेरिदाच्या दोन्ही घरांत चूल आहे, हे प्राजक्ताने घरे निवडताना पाहिलेच होते. साडेसातला आप्पांच्या ताटात वरण-भात पडेल, ती जबाबदारी माझी. माद्रिदच्या कुटुंबाचे आभारच आहेत, परंतु ५३० किलोमीटर बसून गेल्यावर पिठले कितीही उत्तम असले तरी माईंच्या गुडघ्यांना त्याचा उपयोग नाही.

बाहेर जेवताना मात्र सर्वांनी एक लक्षात ठेवावे. ‘मांस नको’ एवढे सांगून तिथे भागत नाही. मालागाला मी असे सांगितले तेव्हा मिश्र कोशिंबिरीवर टूना मासा घालून आणला आणि थंड टोमॅटोच्या साल्मोरेखोवर हॅमचे बारीक तुकडे भुरभुरलेले होते. वाढणाऱ्या मुलीच्या मनात काही वावगे नव्हते, तिच्या लेखी ती सजावट होती. म्हणून मांस नको, मासे नको आणि हॅम नको, अशी तिन्ही नावे घ्यावीत. बटाट्याचे जाड आम्लेट अंडे खाणाऱ्यांना सगळीकडे मिळते आणि परतलेल्या भाज्यांचे पिस्तो आपल्या चवीला जवळचे लागते.

आणि कासेरेसजवळच्या एल कासार गावचे चीज अवश्य घ्यायचे आहे. ते मेंढीच्या दुधाचे असते, पण विरजण प्राण्याच्या जठराचे नसून एका रानकाटेरी झाडाच्या फुलांचे असते, त्यामुळे माईंनाही ते चालेल. वरची चकती कापून काढली की आतले चीज चमच्याने खाण्याइतके मऊ निघते. तिथून वर ला व्हेरा भागात ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या लाल मिरचीची पूड मिळते. मिरची त्यांच्याकडेही अमेरिकेतूनच आली आणि आपल्याकडे पोर्तुगिजांनी आणली. तिचे डबे मी घेणार आहे, कोणाला हवे असल्यास आधी सांगावे.

स्मिता


प्रेषक : शेखर

वहिनी, कासेरेसचा विषय निघाला म्हणून गाडीविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही जेवायला कासेरेसला थांबलो. रस्ता दाखवणाऱ्या फोनने आम्हाला जुन्या तटबंदीच्या आतल्या गल्लीत नेले. दोन्ही बाजूंना दगडी भिंती, वळायला जागा नाही, मागे दुसरी गाडी. उलटे निघताना उजव्या आरशाचे आवरण भिंतीला घासले आणि ज्यांच्याकडून गाडी भाड्याने घेतली होती त्यांनी अनामत रकमेतून भरपूर पैसे कापून घेतले. तेव्हा कासेरेस, सालामांका, लेओन या कोणत्याही जुन्या गावठाणात गाडी नेऊ नये. तटाबाहेरच्या वाहनतळात ठेवून चालत जावे. शिवाय पूर्ण विमा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना बंदी असलेल्या माद्रिदच्या प्रदूषण-क्षेत्राचा धाक मात्र कोणी घेऊ नये, भाड्याच्या गाड्यांवर आवश्यक ते स्टिकर लावलेले असते.

आपण सर्व जण भारतात आणि इंग्लंडमध्ये आयुष्यभर डावीकडून गाडी चालवत आलो आहोत. उजवीकडून चालवताना सरळ रस्त्यावर अडचण येत नाही, चूक होते ती पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना आणि चौकातल्या वर्तुळात. तिथले वर्तुळ आपल्या उलट दिशेने फिरते आणि बाहेर पडायचे असेल तर सर्वांत बाहेरच्या मार्गिकेत यावे लागते. महामार्गावर मर्यादा ताशी १२० किलोमीटर, गावात दर दिशेला एकच मार्गिका असलेल्या रस्त्यांवर ३०. शेजारी बसणाऱ्याने पहिले दोन दिवस प्रत्येक वळणाला ‘उजवीकडे’ असे मोठ्याने म्हणावे, आमच्याकडे हिने ते केले आणि त्याचा खरोखर उपयोग झाला. १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीची मुले मागेच आणि योग्य आसनावर बसवावी लागतात, ती आसने घरून न्यावीत.

या कारणासाठीही पहिला दिवस दोन तासांचाच हवा. पहिल्याच दिवशी ५३० किलोमीटर उजवीकडून चालवून माद्रिदच्या वाहतुकीत शिरणे मला एकट्याला जमेल, तिन्ही चालकांना जमेल अशी खात्री मी देणार नाही.

शेखर


प्रेषक : अनिरुद्ध

शेखर, तिसरा चालक मीच आहे, तरी तुझे म्हणणे मला मान्य आहे.

स्मितावहिनींनी रविवारच्या जेवणाची जबाबदारी घेतली असल्यामुळे माझा मुख्य आक्षेप उरत नाही. माद्रिदच्या कुटुंबाला मी आज रात्री फोन करून कळवतो. त्यांनी मनापासून बोलावले होते, म्हणून मंडळातर्फे त्यांना गणपतीला आपल्याकडे यायचे निमंत्रण द्यावे, अशी माझी विनंती आहे. टोल आणि पूर्ण विमा धरून सुधारित हिशेब उद्या पाठवतो. मात्र यापुढे आरक्षणे करण्याआधी रक्कम मला कळवली जावी.

अनिरुद्ध


प्रेषक : प्राजक्ता

अनिरुद्ध, मनःपूर्वक आभार. रकमेविषयीची सूचना मान्य आहे, मी आधी विचारायला हवे होते.

मेरिदाचा मुक्काम कायम ठेवला आहे. तिथले राष्ट्रीय रोमन कला संग्रहालय रविवारी दुपारी तीनपर्यंतच उघडे असते आणि सोमवारी बंद असते, त्यामुळे सेव्हियाहून सकाळी नऊला निघावेच लागेल. आधी संग्रहालय, मग जेवण आणि विश्रांती, आणि ऊन उतरल्यावर मुकुंदकाका सर्वांना जलसेतूपाशी नेतील. सालामांकाला जाताना एल कासारला अर्धा तास थांबू.

तिन्ही चालकांनी परवान्यावर छापले आहे तसेच आपले पूर्ण नाव आणि परवान्याची मुदत मला बुधवारपर्यंत कळवावी. शेखर, तुझा परवाना जूनमध्ये संपतो असे तू म्हणाला होतास, ती तारीख कृपया आजच पाहून सांग.

प्राजक्ता